रणगाड्यावरचा चिखल : लहान प्रतिकृती आणि इतिहासाची झीज

भंडारा जिल्ह्याच्या १९०८ सालच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये 'टँक' हा शब्द वारंवार भेटतो. तो तोफा डागणाऱ्या यंत्राचा नव्हे. ते यंत्र तेव्हा जन्माला यायचे होते. तो आमच्या तलावांचा आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर चढलेले आणि आज सरकारी भाषेत 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाणारे तलाव हेच इंग्रज अधिकाऱ्याचे 'टँक'. पुढे १९१५ साली इंग्लंडमध्ये पोलादी पट्ट्यांवर सरपटणारे एक गुप्त यंत्र तयार होऊ लागले, तेव्हा ते पाणी साठवण्याच्या टाक्या असल्याची बतावणी करण्यात आली आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले. गंमत अशी, की ह्या इंग्रजी शब्दाचे मूळ गुजराती-मराठीतल्या 'टांके', 'टाके' ह्या शब्दांत असावे, असे कोशकार मानतात. गडावरचे खडकात खोदलेले टाके, भंडाऱ्याचा तलाव आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर प्रथम उतरलेले यंत्र ही एकाच शब्दाची तीन रूपे ठरतात. मराठीने मात्र ह्या यंत्राला आपल्या अंगणातले नाव दिले : रणगाडा. नावात गाडा आला, की त्यामागे बैल आपोआप येतात.

हे सारे आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आंधळगावच्या आमच्या घरी, जिथे एके काळी कोशाच्या कापडाचा माग होता त्या खोलीत, आता एक टेबल आहे आणि त्या टेबलावर गेले पाच महिने माझा भाचा एक रणगाडा बांधतो आहे. प्लास्टिकचा, एकास पस्तीस ह्या प्रमाणातला, 'सेंच्युरियन' जातीचा. नागपुरातल्या नोकरीतून सुटी मिळाली की तो येतो, खिडकीजवळ बसतो आणि नखाएवढे भाग चिमट्याने चिकटवतो. जोडणी तीन आठवड्यांत संपली. उरलेला सगळा काळ तो रणगाडा जुना करण्यात गेला आहे. ज्या गावात करवतकाठी लुगड्यावर एक डाग पडला तर विणकराची मजुरी कापली जाई, त्या गावात कोणी इतक्या निष्ठेने डाग पाडत बसावे, ह्याचे मला प्रथम हसू आले. मग कुतूहल वाटू लागले. आणि हळूहळू असे वाटू लागले, की आपण इतिहासलेखनाविषयी जे प्रश्न वर्गात विचारतो ते सगळे ह्या टेबलावर निमूटपणे सोडवले जात आहेत, किंवा सुटत नाहीत म्हणून अडून बसले आहेत. प्रस्तुत लेख त्या प्रश्नांविषयी आहे.

ह्या छंदाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. 'डायोरामा' हा शब्द पॅरिसचा. १८२२ साली लुई दागेर आणि शार्ल बुताँ ह्यांनी प्रचंड आकाराच्या कापडावर चित्रे रंगवली आणि त्यांवर पडणारा प्रकाश बदलत नेऊन प्रेक्षकांना एकाच दृश्यात दिवसाची रात्र होताना दाखवली. म्हणजे मूळ डायोरामा हा वस्तूंचा नव्हता, काळाचा खेळ होता. पुढे संग्रहालयांतल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या देखाव्यांना हे नाव मिळाले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी फळीवर माती, गवत, पडकी भिंत, चार सैनिक आणि एक रणगाडा मांडून केलेल्या लहान दृश्यालाही.

एकास पस्तीस हे प्रमाणही मोठे मौजेचे आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया ही मुळात लाकूड कापणारी गिरणी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती लाकडी प्रतिकृती करू लागली आणि १९६० पासून प्लास्टिककडे वळली. १९६१-६२ च्या सुमारास तिने जर्मन 'पँथर' रणगाड्याचा चालता किट काढला. त्याच्या पोटात एक लहान मोटर आणि दोन कोरड्या बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढे पोट ठेवले आणि मग मोजून पाहिले, तर प्रमाण साधारण एकास पस्तीस भरले. आज जगभरचे हौशी कारागीर ज्या प्रमाणाला प्रमाण मानतात, ते असे बॅटरीच्या जाडीवरून ठरले. मोटर पुढे गळून पडली, प्रमाण राहिले. वाङ्मयप्रकारांचे संकेतही पुष्कळदा असेच जन्मतात, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

कोरड्या बॅटरीचा उल्लेख आला म्हणून एक स्थानिक गोष्ट नोंदवतो. आमच्या शेजारच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या बॅटऱ्यांच्या उद्योगात वापरले जाते. मँगनीजचा दुसरा आणि फार मोठा उपयोग पोलादात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड ह्याने १८८२ साली भरपूर मँगनीज घातलेले जे पोलाद सिद्ध केले, त्याचा गुण असा, की ते जितके ठोकले जाते तितके त्याचे पृष्ठ कठीण होत जाते. म्हणूनच पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे आणि पुढे अनेक रणगाड्यांचे पट्टे ह्या पोलादाचे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातल्या खाणींतून हे खनिज ब्रिटनला जात असे. आमच्या डोंगरातला कोणता खडा कोणत्या भट्टीत गेला ह्याचा माग काढता येणार नाही. पण रणगाडा ही सर्वस्वी परकी वस्तू आहे आणि आंधळगावच्या टेबलावर ती चुकून आली आहे, हा समज त्यामुळे जरा सैल होतो.

आता प्रमाणाची अडचण. लांबी पस्तीस पटींनी घटवली, की पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरचा होतो. हे सोपे आहे. पण वजन लांबीच्या घनाने घटते. सेंच्युरियनचे वजन सुमारे ५२ टन. त्याला पस्तीसच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ ने भागले, तर प्रतिकृती सव्वा किलोच्या आसपास भरायला हवी. प्लास्टिकचा रणगाडा त्याच्या कितीतरी खाली, काही शे ग्रॅमचा. त्यामुळे तो जमिनीवर बसत नाही, नुसता टेकतो. त्याचे पट्टे आपल्या भाराने चाकांवर लोंबत नाहीत. त्यांना ओढून, डिंक लावून लोंबवावे लागते. मातीचेही तसेच. शेतातली एक मिलिमीटरची खडी ह्या जगात साडेतीन सेंटिमीटरचा धोंडा होते. म्हणून भाचा तीच माती वस्त्रगाळ करून घेतो. पाणी तर वस्त्रगाळही करता येत नाही. थेंब कोणत्याही प्रमाणात थेंबच राहतो. चिखलाचा ओलावा वार्निशने दाखवावा लागतो. थोडक्यात, खऱ्याची हुबेहूब नक्कल करायची तर पावलोपावली खोटे करावे लागते. वास्तववादी कादंबरीचा हाच अनुभव आहे : संवाद जसेच्या तसे टिपून घेतले तर ते कृत्रिम वाटतात.

सुरुवातीच्या प्रतिकृती स्वच्छ असत. डबीवर छापलेल्या रंगात रंगवायच्या, निशाण्या चिकटवायच्या आणि कपाटात ठेवायच्या. रणगाडा मळलेला असतो ही जाणीव हळूहळू आली. अमेरिकेत शेपर्ड पेन ह्यांनी १९७० च्या दशकात किटच्या खोक्यातून मिळणाऱ्या पत्रकांद्वारे आणि १९८० च्या आपल्या डायोरामाविषयक पुस्तकाद्वारे सामान्य हौशी माणसाला शिकवले, की दृश्याला कथा हवी. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन ह्यांनी पातळ काळपट रंग खाचांत उतरवण्याची आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळवण्याची रीत लोकप्रिय केली. नंतर स्पेनचे मिग हिमेनेस आणि त्यांच्या पिढीने धूळ, तेल, गंज, काजळी ह्यांचे जणू एक शास्त्रच उभे केले. ह्या साऱ्याला इंग्रजीत 'वेदरिंग' म्हणतात. मराठीत कोणी जीर्णीकरण म्हणेल. मला 'झीज' हा आपला साधा शब्द पुरेसा वाटतो.

ही झीज कशी आणतात ते पाहण्यासारखे आहे. आधी गंजाचा तांबूस थर. तो वाळला की त्यावर चक्क केसांवर मारायचा स्प्रे. मग लष्करी हिरवा रंग. तो पुरता घट्ट होण्याआधी पाण्याने ओला करायचा आणि राठ ब्रशने घासायचा : मधला स्प्रे विरघळतो, वरचा रंग टवक्यांनी निघतो आणि खालचा गंज दिसू लागतो. नंतर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग सांध्यासांध्यांत सोडायचा. उभ्या पृष्ठांवर रंगाचे ठिपके ठेवून कोरड्या ब्रशने ते खाली ओढायचे, म्हणजे पावसाचे ओघळ तयार होतात. पट्ट्यांच्या ज्या कडा जमिनीवर घासतात त्यांवर पेन्सिलीचे शिसे चोळायचे. शेवटी रंगाची कोरडी पूड, मातीची धूळ म्हणून.

भाच्याच्या कामात मला सर्वांत अधिक काय भावले असेल, तर कारणाशिवाय तो एकही डाग पाडत नाही. झाकणाच्या कडेला टवका, कारण तिथे चालकाचा बूट लागतो. इंधनाच्या तोंडाखाली काळा ओघळ, कारण भरताना तेल सांडते. मागल्या चिखल-पत्र्यावर सर्वाधिक धूळ, कारण पट्टे ती मागे फेकतात. मी एकदा सहज म्हणालो, की बुरुजाच्या डाव्या बाजूला थोडा गंज छान दिसेल. त्याने मान हलवली.

"तिथं गंज कशानं येईल, मामाजी? जाड चिलखती पत्रा आहे आणि वर रंग आहे. पट्टे दोन दिवसांत गंजतात, बुरूज नाही गंजत."

प्रत्येक डाग हा एक विधान आहे, आणि विधानाला पुरावा हवा. हे त्याने राजवाडे न वाचता म्हटले होते. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढून राजवाड्यांनी अस्सल कागदपत्रांचा जो आग्रह धरला, त्याच्या मुळाशी हीच वृत्ती होती : शोभेसाठी नव्हे, आधार असेल तर.

त्या खाचांत उतरणाऱ्या तपकिरी रंगाविषयीही एक वाक्य. चित्रकारांच्या परिभाषेत त्याला 'अंबर' म्हणतात, आणि तो मूळचा मातीचा रंग. लोह आणि मँगनीज ह्यांच्या ऑक्साइडांमुळे आलेला. पोलादात मँगनीज, बॅटरीत मँगनीज, आणि पोलाद जुने झाल्याचा भास निर्माण करणाऱ्या रंगातही मँगनीजच.

लहान प्रतिकृती ही इतिहासाचे विधान असते, आणि म्हणून ती धोक्याचीही असू शकते, ह्याचा सर्वांत ठळक दाखला रणगाड्यांच्या जन्माआधीचा आहे. १८३० साली विल्यम सायबोर्न ह्या ब्रिटिश अधिकाऱ्यावर वॉटर्लूच्या लढाईची भव्य प्रतिकृती करण्याचे काम सोपवण्यात आले. तो रणभूमीवरच्याच एका शेतघरात आठ महिने राहिला आणि इंच न्‌ इंच भूमी मोजली. मग हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले : लढाईच्या निर्णायक क्षणी, संध्याकाळी सातच्या सुमारास, तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोर कोण होते, शेतात कोणते पीक उभे होते? शेकडो उत्तरे आली. मध्यंतरी सरकारने पैसा देणे थांबवले. सायबोर्न कर्जात बुडाला, पण थांबला नाही. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांसमोर आली, तेव्हा तीत सुमारे ७५ हजार इवल्या धातूच्या आकृती होत्या.

वाद पेटला तो प्रशियन सैन्यावरून. सायबोर्नच्या पुराव्यांनुसार त्या क्षणी प्रशियन फौजा फ्रेंचांच्या बगलेवर मोठ्या संख्येने पोचल्या होत्या. तसे दाखवले, तर विजयाचा बराच वाटा त्यांच्याकडे जात होता. वेलिंग्टनच्या वर्तुळातून ह्याला जोरदार आक्षेप आला. अखेर सायबोर्नने माघार घेतली आणि सुमारे चाळीस हजार प्रशियन सैनिकांच्या जागी मांडलेल्या आकृती फळीवरून उचलल्या. लढाई संपून दोन दशके लोटली होती. तरीही एक फौज रणांगणातून मागे घेतली गेली, तीही चिमट्याने. आज ही प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सायबोर्नने आपली पत्रे मात्र फेकली नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने १८९१ साली त्यांतील बरीचशी प्रसिद्ध केली. प्रतिकृती वाकली, कागद वाकले नाहीत.

आता आमच्या टेबलाकडे परत येतो. भाच्याच्या मनात एक विशिष्ट रणगाडा आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागातील बसंतर नदीच्या पलीकडे पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे पाकिस्तानी रणगाड्यांच्या हल्ल्याला तोंड देत लढले. त्यांचा जन्म पुण्याचा, १९५० सालचा; वय अवघे एकवीस. त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली, तो सोडून देण्याचा हुकूम आला, तरी ते मागे हटले नाहीत. पुढच्या माऱ्यात त्यांना मृत्यू आला. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळाले. त्यांच्या रणगाड्याचे नाव होते 'फामागुस्ता'. हे सायप्रस बेटावरच्या एका बंदराचे नाव. आणि योगायोग असा, की चित्रकारांचा उत्तम अंबर रंगही सायप्रसच्याच मातीचा.

तो रणगाडा आजही आहे. दुरुस्त करून तो अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. त्याच शहरात १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या युद्धांचे रणगाडे तिथे एका आवारात पाहायला मिळतात. भाचा त्याच्या आणि इतर सेंच्युरियनच्या मिळतील तेवढ्या छायाचित्रांची चळत घेऊन बसला होता. पण त्या चळतीत त्याला हवे ते नव्हते. जतन केलेला रणगाडा नीटनेटका, रंगवलेला. ज्या खुणांसाठी तो स्मारक झाला, त्या खुणाच दुरुस्तीत आणि रंगात बुजणार हे उघड आहे.

ह्यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. उघड्यावरचे लोखंड रंगवले नाही तर गंजून जाईल, आणि सैनिकी संस्कृतीत शस्त्र चकचकीत ठेवणे हाच आदर असतो. पण आपल्याकडच्या अनेक शहरांत चौकाचौकांत उभे असलेले रणगाडे आठवून पाहावेत : ताजा हिरवा रंग, पांढरी रेघ मारलेली चाके, भोवती फुलझाडे. खरा रणगाडा नव्यासारखा केला जातो, आणि टेबलावरचा खोटा रणगाडा कष्टाने जुना केला जातो. दोन्ही स्मरणाचेच प्रकार आहेत. एक म्हणतो, हे कधी संपणार नाही. दुसरा म्हणतो, हे घडले होते.

पण घडले होते म्हणजे नेमके काय? इथे भाच्याचे काम अडले. सायबोर्नला सात वाजताचा क्षण निवडावा लागला. ह्यालाही एक क्षण निवडायचा होता. आग लागल्यानंतरचा दाखवायचा, तर काजळी कुठे, भोक कुठे, रंग किती जळला, हे सगळे दाखवावे लागणार. आणि ते त्याला ठाऊक नव्हते. इतिहासकार अशा ठिकाणी वाक्य मोडू शकतो. 'ह्याविषयी निश्चित सांगता येत नाही', असे लिहून तो पुढे जातो, आणि त्या वाक्याने त्याची प्रतिष्ठा वाढते. प्रतिकृतीला ही सोय नाही. तिच्या अंगावर कोरी जागा ठेवता येत नाही. प्रत्येक चौरस मिलिमीटरला काही ना काही रंग द्यावाच लागतो. आणि जिथे ठाऊक नाही तिथेही तो तितक्याच आत्मविश्वासाने बसतो, जितका ठाऊक असलेल्या जागी.

ऐतिहासिक कादंबरीचे नैतिक कोडे नेमके हेच आहे. मराठीत हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसायांपर्यंत ह्या प्रकाराची चर्चा बहुधा 'इतिहासाशी प्रामाणिक आहे की नाही' ह्या अंगाने झाली. खरा प्रश्न, मला वाटते, कोऱ्या जागांचा आहे. बखर किंवा पत्र सांगते, की अमुक दिवशी अमुक जण अमुक ठिकाणी होते. कादंबरीकाराला त्या खोलीतली समई, खिडकीबाहेरचा पाऊस, बोलणाऱ्याचा थकलेला आवाज हे सगळे भरावे लागते. रोलां बार्थ ह्यांनी १९६८ सालच्या आपल्या निबंधात फ्लोबेरच्या कथेतल्या एका बॅरोमीटरकडे बोट दाखवले होते : कथानकाला त्याचा काही उपयोग नाही, 'हे सर्व खरे आहे' एवढेच सुचवणे हे त्याचे काम. रणगाड्यावरचा चिखल हा असाच बॅरोमीटर आहे. तो काही सांगत नाही, विश्वास ठेवायला लावतो. म्हणूनच तो जपून लावायला हवा. चिखल जितका पटणारा, तितके आपण त्याखालच्या विधानाविषयी कमी विचारतो.

ह्या उलट आपल्या परंपरेत लहान प्रतिकृतींचे दोन प्रकार असे आहेत, ज्यांनी हे कोडे मुळीच ओढवून घेतले नाही. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात. त्यावर अळीव-मोहरी पेरून रान उगवतात आणि बाजारातून आणलेली चित्रे मांडतात. शिवाजी महाराज बुरुजाएवढे असतात, मावळा दरवाजातून आत जाऊ शकणार नाही इतका मोठा, आणि तोफ त्याच्या तळहाताएवढी. इथे आकार मापाने ठरत नाही, मानाने ठरतो. आमच्याकडे, विदर्भात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली तो सुरू केला, अशी परंपरा सांगतात. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून तोरणाखाली नेतात, घरोघर फिरून बोजारा मागतात. बैलाला चाके कशी, असे आजवर एकाही मुलाने विचारलेले नाही. किल्ला आणि लाकडी बैल खरे असल्याचा दावाच करीत नाहीत, म्हणून ते खोटेही ठरत नाहीत.

अडचण येते ती ह्या दोन रीतींची सरमिसळ होते तेव्हा : मानाने घडवलेली वस्तू मापाने घडवल्याचा आव आणते तेव्हा. चित्रपटातले धुळीने माखलेले सैनिक, पुतळ्याच्या कपड्यांवरची बारीक जर, कादंबरीतली तपशिलांची रेलचेल. वरून झीज अस्सल, आत मात्र दिवाळीचा किल्ला. वाचकाला त्यातले काय मोजलेले आहे आणि काय मानलेले आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

झीजेचेही स्वतःचे असत्य आहे, हे सांगितले नाही तर लेख एकांगी होईल. युद्धात अनेक रणगाडे इतके अल्पायुषी ठरले, की त्यांना गंजायला सवडच मिळाली नाही. पण प्रदर्शनांतल्या प्रतिकृती वीस वर्षे भंगारात पडल्यासारख्या दिसतात, कारण गंज देखणा असतो. शिवाय बहुतेक दृश्यांत माणसे नसतात. असली तर चहा पीत असतात. जळालेला रणगाडा दाखवतात, त्यात जळालेले कोण होते ते दाखवत नाहीत. भंगाराचे सौंदर्य पाहता पाहता माणूस नजरेआड होतो. आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार दगावले. तो आठवडा भाच्याने ब्रश हाती घेतला नाही. कारण विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती.

शेवटी त्याने क्षण निवडला तो १६ डिसेंबरच्या पहाटेचा. रात्री सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढून रणगाडे पलीकडे आले आहेत, लढाई अजून व्हायची आहे. बुरुजाच्या झाकणातून अर्धा बाहेर आलेला एकच माणूस, आपल्याकडे पाठ करून उभा. पट्ट्यांवर नदीकाठची वाळूमिश्रित माती, मागच्या नळीशी काजळी, बाजूंना धूळ. वीराला वीर होण्याआधी दाखवणे हे स्मारकाला जमत नाही. ह्या अडीच वितीच्या फळीला ते जमले, असे मला वाटले.

तरी कोऱ्या जागेचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी त्याला म्हटले, "ज्या बाजूचा पुरावा नाही ती तशीच राखाडी अस्तराच्या रंगात का ठेवत नाहीस? पाहणाऱ्याला कळेल तरी."

तो हसला. "मग ते अर्धवट दिसेल, मामाजी. लोक म्हणतील, रंग संपला."

दोन दिवसांनी मी फळी उचलून पाहिली. खालच्या बाजूला त्याने वहीचा एक कागद चिकटवला होता. त्यावर दोन रकाने होते. एकात छायाचित्रांवरून आणि पुस्तकांवरून ठाऊक असलेल्या गोष्टी : चाकांची संख्या, झाकणांची रचना, रेजिमेंटचे नाव, तारीख. दुसऱ्यात अंदाजाने केलेल्या : मातीची छटा, टवक्यांच्या जागा, बुरुजावरच्या ताडपत्रीची घडी, त्या माणसाने मान कोणत्या बाजूला वळवली आहे ते. दुसरा रकाना पहिल्याच्या दुप्पट लांब होता.

फळी आता कोनाड्यात आहे, घरातल्या जुन्या लाकडी बैलाच्या शेजारी. बैलाच्या शिंगांचा रंग तीन पिढ्यांच्या हातांनी गेलेला आहे; ती झीज कोणी केलेली नाही, ती झालेली आहे, आणि तिच्याखाली कागद चिकटवण्याची गरज नाही. रणगाड्याखाली आहे. घरी येणारे बहुतेक जण वरून पाहतात, वाहवा करतात आणि जातात. फळी उचलून पाहण्याची बुद्धी वाचकाला व्हावी, एवढेच आपण वर्गात शिकवू शकतो.